मुद्दाम चुकू नको गो

पहिल्या भेटीत त्याने मला नाव विचारलं नाही. भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमच्या नव्या बँडची पहिली प्रॅक्टिस होती. मी ड्रमसेट लावत होते, सिंबलच्या स्टँडचे स्क्रू आवळत होते आणि हा माणूस समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. बाई ड्रमवर बसलेली दिसली की लोक बघतात, त्याची मला सवय होती. मी दुर्लक्ष केलं. शेवटी तोच म्हणाला, "तुझ्या डाव्या डोळ्याला नंबर आहे. तपासून घे."

"तुम्ही कोण?"

"मी बेस," तो म्हणाला. एवढं पुरलं नसावं असं वाटून पुढे म्हणाला, "मुलुंडला चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो."

मी डोळे तपासले. डाव्याला नंबर निघाला. चष्मा त्यानेच करून दिला, आणि फ्रेमही स्वतःच्या मर्जीने निवडली. मला नाजूक सोनेरी हवी होती. "घाम आला की नाकावरून घसरेल. मग तू चष्मा सावरशील आणि मी वाऱ्यावर," असं म्हणून त्याने मला काळी, जाड काड्यांची फ्रेम गळ्यात मारली. त्या फ्रेममध्ये मी एखाद्या शाळेची मुख्याध्यापिका दिसायचे. पण घसरली मात्र कधी नाही.

तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, मूळचा मालवणकडचा, जन्म भांडुपचा. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला मला एक चहा पुरला. त्याने मात्र सुरुवातच 'तू'ने केली होती, आणि पुढे इतक्या वर्षांत मला नावाने हाक मारली नाही. 'काय गो' एवढंच. मी मुलुंडची, नवरा विमा कंपनीत, मी घरी मुलांना आणि मोठ्यांनाही ड्रम शिकवते. शनिवार-रविवार बँड. बँड म्हणजे कव्हर बँड, लोकांनी आधीच प्रसिद्ध केलेली गाणी वाजवणारा. अंधेरीचे पब, मुलुंडच्या मॉलमधलं फूड कोर्ट, बोरीवलीच्या जिमखान्यातला एकतीस डिसेंबर, घाटकोपरच्या लग्नांतलं संगीत. आम्ही चौघं होतो. गायक अंधेरीच्या एका ऑफिसात माणसं नोकरीवर घ्यायचं आणि काढायचं काम करायचा, त्यामुळे त्याच्या आवाजात कायम एक गोडवा असायचा. गिटारवाला वारंवार बदलायचा. मी आणि बेस, आम्ही दोघं मात्र दहा-अकरा वर्षं तिथेच.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जाड तारांची गिटार. ती लोकांना ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र गाण्याच्या पायाखालची फरशी निघून गेल्यासारखं वाटतं. बेस आणि ड्रम यांना बरोबर चालावं लागतं. माझा उजवा पाय आणि त्याची दोन बोटं, यांच्यात काहीतरी ठरलेलं असावं लागतं. ते ठरवता येत नाही. असतं किंवा नसतं.

त्याची मतं मात्र सगळ्या गाळ्याला ऐकू जायची.

गिटारवाल्यांच्या पायाशी ती पेडलं असतात ना, आवाज बदलायची, त्यांचा त्याला भयंकर राग. "हा वाजवतो कधी?" तो आमच्या त्या-त्या वेळच्या गिटारवाल्यासमोरच विचारायचा. "सारखा खाली बघून बटणं दाबतोय, लिफ्टमन असल्यागत." पाच तारांचा बेस घेऊन कोणी आलं तर तो हात मागे बांधून त्या पाचव्या तारेकडे बघत राहायचा. "हिचं काय करतोस?" असं अगदी प्रेमाने विचारायचा. त्याचा स्वतःचा बेस एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेला. त्यावरच्या तारा त्याने कधी बदलल्याच नव्हत्या. नव्या तारा फार बडबड करतात, म्हणायचा. मुरू दे त्यांना, लोणच्यासारखं. आवाजाचं बटण त्याने चिकटपट्टी लावून एका जागी बंद करून टाकलं होतं आणि तारांखाली, जिथे त्या लाकडाला टेकतात तिथे, भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा खोचला होता. आवाज लांबू नये, सांगून झालं की गप्प बसावा, म्हणून. त्याची बायको एकदा प्रोग्रॅमला आली तेव्हा मला म्हणाली, "आमच्याकडे नवीन स्पंज आणला की आधी त्याचा कोपरा कापला जातो. मग मी भांडी घासायची."

आपण कव्हर बँड आहोत याची आमच्या गायकाला मनातून लाज वाटायची. कोणी विचारलं की 'सध्या' कव्हर करतो म्हणायचा, जसं काही उद्यापासून दुसरंच काही. बेसला ते खपायचं नाही. "दुसऱ्याची साडी नेसून लग्नाला गेलेली बाई म्हणजे आपण," तो म्हणायचा. "साडी दुसरीची आहे हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक. प्रश्न एवढाच, नेसता येते काय?" मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल करणारे बँड त्याच्या लेखी झेरॉक्सवाले. आणि जे बँड 'आम्ही आमचंच वाजवतो' म्हणून छाती पुढे काढायचे, त्यांच्याबद्दल तो फार शांतपणे बोलायचा. "स्वतःचं आहे म्हणून ऐकायचं? माझी मुलगी पण माझीच आहे. ती गायला लागली की मी गॅलरीत जातो."

त्याचा खरा जीव सोल म्युझिकवर. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चमधून बाहेर पडून रस्त्यावर आलेलं गाणं. हे त्याला भांडुपमध्ये कुठून सापडलं, तर त्याच म्हाताऱ्या वादकाकडून. बेसबरोबर त्याने कॅसेटींची एक पिशवीही दिली होती. लोकांना वाटतं सोल म्हणजे ओरडणं, छातीवर हात ठेवणं. आमचा गायक तसंच करायचा. एकदा प्रॅक्टिसमध्ये त्याने डोळे मिटून असा काही टाहो फोडला की शेजारच्या गाळ्यातला मसाला कांडपवाला बघायला आला. बेसने वाजवणं थांबवलं.

"तुझं कोण गेलंय?"

"अरे, फील आणतोय यार."

"ओरडू नको. ऐक. माणसाला काहीतरी सांगायचं असतं. ते पार तोंडापर्यंत येतं. आणि तो गिळतो. त्या गिळण्याचा आवाज म्हणजे सोल."

गायक म्हणाला, "मग मी गिळू काय?"

"तुला सांगायचंच काही नाही तर गिळणार काय?"

गायक दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. पण ओरडायचा कमी झाला.

त्याच्या गावाकडे भजनांची डबलबारी होते, दोन बुवा समोरासमोर. लहानपणी तो चकी, म्हणजे भजनातल्या छोट्या झांजा, वाजवायला बसायचा. त्याचं म्हणणं, एकदा एक बुवा ऐन रंगात ओळ विसरला. पुढे काय, ते आठवेना. तेव्हा मागच्या कोरसने तीच आधीची ओळ पुन्हा धरली, आणि पुन्हा, आणि बुवाला सापडेपर्यंत सोडली नाही. "ती जी मधली ओळ होती ना, तेवढंच मला आयुष्यभर वाजवायचं आहे," असं तो म्हणाला होता. तेव्हा मला ते नुसतं ऐकायला छान वाटलं. मी त्याचा अर्थ माझ्याशी जोडला नाही, कारण मी कधी ओळ विसरत नव्हते.

हेच माझं कौतुक होतं. माझा टेम्पो, म्हणजे वाजवण्याचा वेग, हलत नाही. त्यात माझ्या कानात क्लिक असायचा, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राची, मेट्रोनोमची टिकटिक, फक्त मला ऐकू येणारी. गायक लोकांना सांगायचा, आमच्या ड्रमरवर घड्याळ लावून घ्या. मला अभिमान वाटायचा. बेसला तो क्लिक आवडत नव्हता. अगदी सवत असल्यासारखा तो माझ्या कानाकडे बघायचा. "आत कोण बसलाय तुझ्या?" विचारायचा. "तो आत बसलाय तोवर मी बाहेरच."

एकदा, बोरीवलीच्या जिमखान्यात, संथ गाण्याच्या मध्येच क्लिकच्या यंत्राची बॅटरी गेली. कानात एकदम शांतता. मी घाबरले. पुढच्या ठोक्यासाठी काठी वर गेली आणि तिथेच राहिली, कारण तो ठोका नक्की कुठे आहे हे मला कळेना. आणि मग खालून, स्टेजच्या लाकडातून, स्टुलाच्या पायातून त्याचा एक सूर आला. त्या सुरावर मी काठी टेकली. मग पुढच्यावर. ते गाणं आम्ही किती हळू वाजवलं कोण जाणे. समोर नाचणारी जोडपी जवळजवळ थांबली होती. संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "आज आलीस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी आणली, आणि एक जादाची.

त्याची आणखी एक सवय सांगायची राहिली. वाजवताना तो डोळे मिटत नसे. स्टेजवरून लोकांच्या डोळ्यांकडे बघत बसायचा. दोन कडव्यांच्या मध्ये माझ्याकडे सरकून सांगायचा, "तिसऱ्या टेबलावरच्या माणसाचा नंबर वाढलाय, बिल बघ कसं लांब धरून वाचतोय." किंवा, "ती निळ्या ड्रेसवाली चष्मा पर्समध्ये ठेवून आलीय. मघापासून भलत्याच माणसाकडे बघून हसतेय." मला हसू आवरायचं नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, ही आमची दोघांची गंमत आहे. तो इतका निवांत आहे तो माझ्यामुळे, असं मला वाटत होतं. ते खरंही होतं. फक्त त्याचा अर्थ मी समजत होते तो नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला गायकाने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. अंधेरीच्या कुठल्याशा रेस्टॉरंटमधला, कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. दुसराच बँड. खाली गायकाने लिहिलं होतं, 'हा आपला माणूस ना?' कडेला, अर्धा कापला गेलेला, तो उभा होता. बेस तोच. मान एका बाजूला कललेली. आणि डोळे मिटलेले.

मी तो व्हिडिओ स्वयंपाकघरात उभी राहून पाहिला, मग बाथरूममध्ये जाऊन पाहिला. डोळे मिटलेलेच होते.

आता हे कुणाला सांगायचं? लग्न झालेली बाई म्हणाली की अमुक माणूस दुसऱ्या कुणाबरोबर आहे म्हणून माझ्या पोटात जळतंय, तर ऐकणारा लगेच दुसरंच समजतो. तसं काही नव्हतं. मला त्याचा हात धरायचा नव्हता. त्याच्या बायकोचं मला कधी काही वाटलं नाही. उलट तिची आणि माझी छान मैत्री. पण तो ड्रमर कोण, हे कळल्याशिवाय मला घास गिळवेना.

तो बँड कुठे वाजवतो ते मी शोधून काढलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याला मैत्रिणीकडे जाते असं सांगून अंधेरीला गेले. रेस्टॉरंटमध्ये एका खांबामागची जागा धरली. एकटी बाई, समोर लाइम सोडा. वेटर दोनदा विचारून गेला, कोणी येणार आहे का.

ड्रमर माझ्याच वयाचा एक रुंद माणूस होता. केस विरळ, शर्टाची दोन बटणं उघडी. तो वाजवायला लागला आणि पहिल्या मिनिटात मला हायसं वाटलं. तो वाईट होता. म्हणजे अगदीच टाकाऊ नाही, पण माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी ज्यासाठी ओरडते ते सगळं तो करत होता. कोरस, म्हणजे गाण्याचं धृपद, आला की वेग वाढवून पळायचा. कोरस संपला की आपण पळालो हे लक्षात येऊन एकदम मागे ओढायचा. एकदा त्याच्या हातातली काठी सुटून गायिकेच्या पायाशी गेली.

आणि बेस त्याला सांभाळत होता. ते मी कसं सांगू? जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कोपराखाली कुणीतरी हात ठेवतं. धरत नाही, नुसता ठेवतं. तसा. तो माणूस पळाला की बेस त्याच्यासोबत जरा पळायचा, मग एक सूर थोडा लांबवून त्याला आपल्याकडे घ्यायचा. काठी पडली तेव्हा चार मात्रा सगळं त्याने एकट्याने उचलून धरलं, आणि त्या चार मात्रांत ते अख्खं रेस्टॉरंट मान हलवत होतं. मी कधी ऐकला नव्हता असा बेस. दहा-अकरा वर्षं माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस, आणि हे त्याच्यापाशी होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मी सोडा अर्धा टाकून निघाले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी आहे मैत्रीण?" मी म्हटलं, "जाड झालीय."

रविवारी प्रॅक्टिसला मी लवकर गेले. तो आधीच येऊन, गाळ्याबाहेर चहा पीत उभा होता.

"अंधेरीला कोणाबरोबर वाजवतोस?"

"आहे एक. फ्लॅट विकतो."

"कधीपासून?"

"गणपती गेल्यापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तू मला सांगून आलीस काय?" तो म्हणाला. "खांबामागे बसलीस. तिथे नीट ऐकू येत नाही. पुढे बसायचं ना."

माझे कान तापले. पण आलेच होते तर बोलून टाकलं. "तो घाई करतो."

"करतो."

"कोरसला पळतो."

"पळतो गो. तो पळाला की मला धावायला लागतं."

"मग?"

"मग काय? बरं वाटतं."

"आणि माझ्याबरोबर?"

ग्लासातला चहा त्याने गोल फिरवला. तो कधीच कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नसे, हे मला माहीत होतं, तरी मी उभी होते.

"तुझ्याबरोबर मी बसलेला असतो," तो म्हणाला. "खुर्ची चांगली आहे. तक्रार नाही."

त्या दिवशी मी प्रॅक्टिसमध्ये इतक्या जोरात वाजवलं की गायकाने कानात कापूस घातला.

मग मी जे केलं ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. घाटकोपरला एका लग्नाचं संगीत होतं, मोठा हॉल, नवरीकडच्या बायका नाच बसवून आल्या होत्या. मी क्लिकचं यंत्र पिशवीतच ठेवलं. दुसऱ्या गाण्याच्या कोरसला जराशी पळाले. त्या फ्लॅटवाल्यासारखी. बेस आला बरोबर, पण धावत नाही, चालत आला. मी पुढच्या गाण्यात एक ठोका गाळला. काही नाही. मग मी हिंमत करून एक अख्खी मात्रा उशिरा आले, नाचणाऱ्या माम्या एकमेकींवर आपटल्या, गायकाने मागे वळून डोळे वटारले. आणि बेस वाजवता वाजवता सरकत माझ्या जवळ आला, वाकला, आणि त्या सगळ्या गोंगाटात अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मुद्दाम चुकू नको गो."

मी बाकीचा कार्यक्रम खाली मान घालून वाजवला. एकही ठोका हलला नाही. मला हलवताच येईना. नवरीच्या वडिलांनी शेवटी खास माझ्यापाशी येऊन सांगितलं, "बेन, एकदम मशीन जैसा!"

पुढच्याच रविवारी बेसने सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मी नाही." भांडण नाही, रुसवा नाही. गायकाने खूप गळ घातली. मी सिंबल पिशवीत भरत राहिले. जाताना त्याने बेस पाठीवर टाकला आणि माझ्या तोंडाकडे पहिल्या दिवशीसारखं एकटक बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"काड्या सैल झाल्यात," तो म्हणाला. "दुकानात ये, आवळून देतो."

मी गेले नाही.

आम्हाला नवीन बेसवाला लगेच मिळाला. पाच तारा, पायाशी सहा पेडलं, टेम्पो पक्का. मी आणि तो म्हणजे दोन घड्याळं. कार्यक्रम वाढले. आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला ते हे, की एकाही माणसाला फरक कळला नाही. एकाही ठिकाणी, एकाही माणसाने विचारलं नाही की तुमचा तो जुना बेसवाला कुठे गेला.

एक दिवस दुपारी मी कणीक मळत होते आणि रडायला लागले. उगाच, मध्येच. नवरा घरी होता. तो दारात येऊन उभा राहिला. हा माझा नवरा म्हणजे, सगळी वर्षं मी त्या माणसाच्या स्कूटरवर ड्रमच्या काठ्या घेऊन बोरीवलीपासून अंधेरीपर्यंत फिरले, तरी याने एकदाही 'कोण आहे तो' असं विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, किती समजूतदार. मला कधीकधी वाटायचं, थोडा कमी समजूतदार असता तरी चाललं असतं.

"बेसवाला गेला म्हणून?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

तो थोडा वेळ माझ्या पिठाने भरलेल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्यासाठी कधी रडलीस का गं अशी?"

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मी वळून बघितलं तर त्याचा चेहरा मला अगदी ओळखीचा वाटला. मी तो अंधेरीहून घरी आल्यावर आरशात बघितला होता. मला हसू आलं, मग त्यालाही आलं, पण त्या रविवारी तो पहिल्यांदाच माझ्या प्रॅक्टिसला येऊन गाळ्याच्या कोपऱ्यात बसला. नव्या बेसवाल्याकडे तो पूर्ण वेळ संशयाने बघत होता.

या वर्षी उन्हाळ्यात कळलं की त्या फ्लॅटवाल्याला कर्जतकडे प्लॉट विकायचं काम मिळालंय आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत त्याला गिऱ्हाइकं घेऊन तिकडे जावं लागतं. ड्रम सुटले. मला झालेला आनंद मी लपवला नाही, घरात शिरा केला. आणि मग फोनकडे बघत बसले. तो फोन करणार हे मला माहीत होतं. कुठली गाणी वाजवायची, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं.

फोन आला.

"काय गो, बरां मा?"

"बरी आहे."

"ड्रमर पाहिजे. कोण आहे काय तुझ्या बघण्यात? फार बरा नसला तरी चालेल."

मी म्हटलं, "मी आहे ना."

पलीकडे दुकानातल्या काच घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

"तू नको गो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची माया होती. तीच जास्त लागली. "तू चांगली आहेस."

पाच मिनिटं आम्ही तारांबद्दल बोललो. नव्या तारांना आता कसलासा लेप देतात, त्यामुळे त्या कधी मुरतच नाहीत, जन्मभर कोवळ्या राहतात, याचं त्याला दुःख होतं. मग मी त्याला माझ्या एका विद्यार्थिनीचा नंबर दिला.

ही विद्यार्थिनी होमिओपॅथीची डॉक्टर आहे. चाळिशीत ड्रम शिकायला आली, मन मोकळं होतं म्हणून. दर शनिवारी सकाळी येते. मनापासून वाजवते आणि तिला टेम्पो म्हणून काही नाहीच. सुरू एका वेगात करते, संपवते दुसऱ्या, आणि मधे कुठे जाते ते तिलाही माहीत नसतं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत सगळ्यात कच्ची. मी तिचं नाव का दिलं? मला वाटलं, घे, तुला धावायचंय ना, धाव.

आता ती शनिवारी येते आणि आधी पंधरा मिनिटं त्याच्याबद्दल बोलते. त्याने तिला पेडलांबद्दल काय सांगितलं, साडीचं काय सांगितलं, गिळण्याचं काय सांगितलं. जणू ही वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकतेय. मी मान हलवत ऐकते. तिलाही त्याने नवीन चष्मा करायला लावलाय. फ्रेम तपकिरी, बारीक आहे. तिला छान दिसते.

परवा ती आली ती चेहरा नुसता फुललेला.

"ताई, काल मी मध्येच हरवले हो. पूर्ण ब्लँक. कुठल्या कडव्यात आहोत तेच कळेना. मला वाटलं, आता काठ्या ठेवून पळून जावं. आणि सर नुसते जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, 'तू वाजव. मी आसंय.'" तिने छातीवर हात ठेवला. "आणि ताई, मला सापडलं. कसं ते नाही सांगता येत."

मला सांगता आलं असतं. मी स्टूल तिच्या उंचीला लावून देत होते, ते लावत राहिले. तिच्याशी तो मालवणी बोलतो. एवढ्या वर्षांत मला 'काय गो'च्या पुढे मालवणीतलं एक अख्खं वाक्य मिळालं नाही, एक त्या फोनवरचं 'बरां मा' सोडून.

"आणि अजून एक म्हणाले," ती थोडी चाचरली. "तुम्ही रागावणार नाही ना?"

"नाही गं. सांग."

"म्हणाले, ताईंकडे फार शिकू नकोस."

मी हसले. तीही सुटल्यासारखी हसली. मग तिने काठ्या उचलल्या, मोजून चार ठोके दिले आणि लगेच पाचव्यालाच घसरली. मी हात वर करून तिला थांबवलं.

"मंगळवारी दवाखाना किती वाजता बंद होतो तुझा?" मी विचारलं.

"सातला. का हो?"

"आता मंगळवारीपण येत जा," मी म्हटलं. "खूप काम करायचंय तुझ्यावर."